चौथ्या चित्राखालचे अंगठे

मी एक जुना तक्ता आहे, मित्रांनो. भिंतीवर टांगायचा, कापडावर कागद डकवलेला, वर आणि खाली लाकडी दांडा असलेला. जवळ यायचं तर नाक धरून या. माझ्या अंगाला झुरळांचा, कुजक्या सरसाचा आणि ज्यांनी ज्यांनी मला गुंडाळलं त्यांच्या तळहातांच्या घामाचा वास येतो. मला स्वतःलाच त्याची शिसारी येते, तर तुम्हाला आली म्हणून मी रागावणार नाही.

जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना म्हणतात, काय सुंदर होते ते दिवस! मी तसं म्हणणार नाही. माझ्या कहाणीत मला आवडलेली माणसं फार थोडी आहेत, आणि ज्यांनी मला डोक्यावर घेतलं त्यांच्यात तर एकही नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका छापखान्यात झाला. बैलांची कातडी आणि हाडं उकळून केलेल्या सरसाने माझा कागद कापडाला चिकटवला. त्या कढईची दुर्गंधी हीच माझी पहिली आठवण. माझ्या अंगावर सहा चित्रं छापली, वरून खाली, त्या देशाच्या सुरुवातीच्या दिवसांची.

पहिल्या चित्रात एक जहाज आहे. त्यातून आलेली गोरी माणसं आणि बायकापोरं खडकाळ किनाऱ्यावर उतरून गुडघे टेकताहेत. साल १६२०. दुसऱ्यात त्यांची पहिली सुगी. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यातले निम्मे मेले. उरलेल्यांना तिथल्या मूळच्या लोकांनी मका पेरायला शिकवलं, तेव्हा कुठे पीक हाती आलं आणि दोघं एकत्र जेवायला बसले. तिसरं चित्र दीडशे वर्षांनंतरचं. इंग्लंडच्या सरकारने न विचारता चहावर कर बसवला म्हणून काही लोक चहाच्या पेट्या बंदरात फेकताहेत. चौथ्यात, १७७६ साली, पांढरे टोप घातलेले पुढारी टेबलाभोवती जमून एका जाहीरनाम्यावर सह्या करताहेत: राजाने आमच्यावर हे हे अन्याय केले, आजपासून आम्ही त्याचे नाही. पाचव्यात बर्फाने भरलेली नदी ओलांडणारे सैनिक. सहाव्यात पहिला अध्यक्ष सज्जात उभा राहून शपथ घेतोय आणि खाली लोक टोप्या उडवताहेत. प्रत्येक चित्राखाली चार बोटं रुंदीची पांढरी पट्टी मोकळी ठेवलेली, शिकवणाऱ्याला काही टिपायचं असेल तर असावी म्हणून.

१९०४ साली जुन्या कपड्यांच्या पिंपात घालून मला जहाजावर चढवलं. महिनाभर उंदीर माझ्यावर मुतले. मुंबईहून रेल्वेने सुरत, तिथून नवापूर, आणि नवापुरातून बैलगाडीने मी एका मिशनच्या बोर्डिंगात पोचलो. तिथल्या गोऱ्या साहेबाने मला उलगडलं आणि त्याचे डोळे भरून आले. माझ्या देशाची कथा, असं तो म्हणाला.

साहेब मनाने वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याला वाईट म्हणेन तेव्हा तुम्ही विश्वास ठेवाल. दरवर्षी चार जुलैला तो मला पडवीत टांगायचा, मुलांना रांगेत बसवून सरबत द्यायचा आणि चौथ्या चित्रापुढे आला की टोपी काढून उभा राहायचा. माझं फार कौतुक होई. मीही मूर्ख, फुगून बसायचो. पुढे रंगीत चित्रांचा नवा संच आला आणि मला गुंडाळून रॉकेलच्या डब्यांमागे टाकलं. अकरा वर्षं मी तिथे पडून होतो. माझ्या पोटात उंदरीण व्याली, झुरळांनी माझ्या कडा कुरतडल्या. साहेबाला माझी आठवणसुद्धा झाली नाही.

मग योसेफ मास्तरांनी मला मागून घेतलं.

योसेफ मास्तर त्याच डोंगरातले. नवापूरपासून दीड दिवसाच्या वाटेवर मोहदरी नावाचा पाडा होता. तिथे मिशनने कुडाची शाळा बांधली आणि योसेफ आणि त्यांच्या बायको सुसानाबाईंना राहायला पाठवलं. पाड्यावर चार घरं ख्रिस्ती, बाकीची पंधरा आपल्या जुन्या देवांची. घरात सगळे आपली डोंगरातली बोली बोलत. नाकेदाराशी, बाजारात आणि सवय झाली म्हणून शाळेतसुद्धा अहिराणी चाले. रविवारी दुपारी प्रार्थना संपली की मास्तर छडी घेऊन माझ्यापुढे उभे राहत आणि गोष्ट सांगत. गोष्ट ऐकायला पंधरा घरांतलेही येत. मास्तर बोलायला लागले की माणूस विडी ओढायचा विसरे, इतकं त्यांचं बोलणं गोड. त्या गोडीचाच मला आज उबग येतो.

आता त्या पाड्याचं दुखणं सांगतो. जंगलाच्या नाक्यावर दलसिंग नावाचा नाकेदार होता. त्याने पाड्यावर वेठ लावली होती. रोज प्रत्येक घरातून एका माणसाने फुकट राबायला जायचं. त्याचं पाणी भरायचं, गवत कापायचं, म्हशीचं शेण काढायचं, जंगलातल्या सरकारी बंगल्यावर कोणी साहेब आला की कोंबडी आणि दूध पोचवायचं. कुठल्या कायद्यात हे लिहिलं होतं? कुठल्याच नाही. दलसिंग म्हणे, रिवाज आहे. तंबाखूची पिचकारी टाकून तो हे इतक्या निवांतपणे म्हणे की मला वाटे, याच्या तोंडावर माझा खालचा दांडा पडावा. तो शाळेत डोकावला की हमखास माझ्याच बाजूला थुंकायचा. माझ्या पाचव्या चित्रातल्या बर्फावर अजून तो तांबडा डाग आहे.

१९३१ च्या उन्हाळ्यात दलसिंगला स्वतःसाठी गोठा बांधायचा होता. सागाचा ओंडका ओढताना दोर सुटला आणि खात्या नावाच्या गड्याच्या पायावर ओंडका आला. खात्या हा पाड्यातला सगळ्यात ताकदीचा माणूस. त्याचं पाऊल चिरडलं. दलसिंगने काय करावं? ओंडका आधी बाजूला घ्या, वाट अडते आहे, असं सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी निरोप पाठवला, की नवरा नसेल तर बायकोने यावं.

खात्याची बायको रूपीबाई. बारीक अंगाची, बोलायला तिखट. ती पहाटे वेठीला जाई, दिवस कलल्यावर परत येई, मग नवऱ्याच्या पायातल्या जखमेतले किडे काढी. पेरणी तोंडावर आली होती. त्यांचं डोंगरउताराचं एकच वावर होतं आणि ते अजून नांगरलेलं नव्हतं. ते पडीक राहिलं असतं तर पुढच्या वर्षी खायला काही नव्हतं. रूपीबाईला एवढंच हवं होतं की वेठ सुटावी आणि वावर पेरलं जावं.

त्या रविवारी ती शाळेत आली ती सावलीत बसायला. नवऱ्यालाही हात देऊन घेऊन आली होती. मास्तर दुसऱ्या चित्राशी होते.

रूपीबाई उठून जवळ आली आणि डोक्यात पिसं लावलेल्या मूळच्या लोकांवर तिने बोट ठेवलं. "मास्तर, यासना हातमा मका शे ना?"

"मकाच शे. त्यासनीच गोरा लोकेसले पेरानं शिकाडं."

तिला बरं वाटलं. तिच्याही वावरात मकाच असे. मास्तर तिसऱ्या चित्राकडे वळले, तशी ती एकदम हसली. जहाजावरून पेट्या फेकणाऱ्यांच्या डोक्यात तशीच पिसं होती, तोंडं तशीच रंगवलेली.

"ह्या देखा! उनात ना परत!"

"नही, रूपीबाई," मास्तर म्हणाले. "ह्या त्या नहीत. ह्या गोराच शेतस. यासनी त्यासना पोशाख घालेल शे."

"काबरं?"

"कोनी वळखाले नको म्हनीसन."

खात्या भिंतीला टेकून बसला होता. तो कण्हतच म्हणाला, "म्हंजे काम यासनं, आन नाव त्यासनं."

सगळे हसले. मी मात्र कागद असून शरमलो. सत्तावीस वर्षं ते चित्र मी छातीवर मिरवत होतो आणि हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. रूपीबाईने बोट फिरवत उरलेली तिन्ही चित्रं पाहिली. मका शिकवणारे कुठेच नव्हते.

"मंग ह्या लोके कोठे गयात?" तिने विचारलं.

मास्तरांनी छडी खाली केली. त्यांना माहीत होतं. साहेबाच्या कपाटातल्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की त्यांच्या जमिनी गेल्या, रोगांनी आणि बंदुकांनी गावंच्या गावं गेली, आणि करारावर केलेल्या खुणा कोणी पाळल्या नाहीत. पण दारात दलसिंगचा माणूस सावलीला उभा होता. मास्तर म्हणाले, "गयात व्हतीन पुढे." आणि चौथ्या चित्रावर गेले. सहाव्या चित्राच्या कोपऱ्यात एक काळा गुलाम मालकाचा घोडा धरून उभा आहे, त्याच्यावर तर त्यांची छडी कधीच पडली नाही.

चौथं चित्र मात्र त्यांनी रंगवून सांगितलं. राजा कसा लांब बसून राज्य करी, लोकांना न विचारता कसे हुकूम सोडी. मग लोक कसे एका खोलीत जमले, सगळे अन्याय कागदावर कसे लिहिले, आणि एकेकाने उठून सगळ्यांदेखत खाली आपलं नाव कसं घातलं. रूपीबाई पापणी न लववता ऐकत होती.

"नाव लिखं आन राजानं राज गयं? इतलंच?"

इथे मास्तरांनी सांगायला हवं होतं, की नाही गं बाई, राजाला ते मान्य नव्हतं. सह्यांच्या आधीच लढाई पेटली होती आणि सह्यांनंतरही सात वर्षं ती चालली. माणसं गारठून, उपाशी मेली, पाचव्या चित्रातली नदी त्याच लढाईतली आहे. पण लढाई हा शब्द त्यांना त्या दारासमोर उच्चारायचा नव्हता. त्यांनी पाचव्या चित्रावर छडी टेकवली न टेकवली.

"हा, इतलंच. मंग त्या नदी वलांडीसन गयात," असं म्हणून त्यांनी गोष्ट संपवली.

मित्रांनो, सात वर्षांचं युद्ध एका भित्र्या माणसाने एका वाक्यात गिळलं. 

त्यानंतरचं जे घडलं ते त्या पाड्यावरच घडू शकत होतं. तिथे जमिनीचा वाद असो की लग्नाची बोलणी असो, सगळे जमले, मोहाच्या दारूची धार धरतीवर पाडली आणि बोल दिला, की काम झालं. दुसऱ्या बाजूला कळवायची, मान्यता घ्यायची गरज नसे. धरतीने ऐकलं, आता मोडणार कोण? त्यांना वाटलं, गोऱ्या लोकांनीही तेच केलं. धारेच्या जागी शाई वापरली, एवढाच फरक.

सोमवारी मास्तर पगारासाठी आणि महिन्याच्या सभेसाठी नवापूरला गेले. मंगळवारी दुपारी एकोणीस घरांची माणसं शाळेत आली. कुलपाची किल्ली सुसानाबाईंकडे. त्यांनी विचारलं, कशाला हवी? रूपीबाईने सांगितलं. सुसानाबाईंनी कुलूप काढलं.

मला खाली उतरवून जमिनीवर पसरलं. पंधरा घरांनी मोहाची धार पाडली, ख्रिस्ती घरांनी पाण्याची. अन्याय एकेकाने तोंडाने सांगितले, कारण पाड्यावर बोल तोंडानेच देत. दलसिंगच्या म्हशी, दलसिंगचं पाणी, नेलेल्या कोंबड्या, खात्याचा पाय. मग काजळी आणायचं कोणीतरी सुचवलं.

"काजळी धुवाई जास," रूपीबाई म्हणाली. "बिब्बा आना."

बिब्ब्याचा रस तुम्हाला माहीत असेल. परीट त्याने कपड्यांवर खुणा करतात. तो धुतल्याने जात नाही आणि कातडीला लागला तर फोड आणतो. अंगठ्यांना तेल चोळून एकेकाने बिब्ब्यात अंगठा बुडवला आणि माझ्या चौथ्या चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर टेकवला. मला तो रस चरचरला. पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या अंगावर पडलेली ती पहिली गोष्ट होती जिची मला किळस आली नाही. शेवटी सुसानाबाईंनी टाक घेतला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव लिहिलं. त्यांना वेठ नव्हती. तरी लिहिलं.

बुधवारी वेठीला कोणीच गेलं नाही. दुपारी दलसिंग घोड्यावरून आला.

"आज कोनीच का नही उनं? मरनात का सगळा?"

"आम्ही सही करी दिधी," रूपीबाई म्हणाली, जणू काही पाहुण्याला घरची चांगली बातमी सांगते आहे. "चाला, दखाडस तुम्हले."

आणि ती स्वतः त्याला शाळेत, पुन्हा भिंतीवर टांगलेल्या माझ्यापुढे घेऊन आली. तिला खरंच वाटत होतं, की एकदा त्याने पाहिलं की तो मान हलवेल आणि आपलं पाणी आपण भरायला जाईल. दलसिंगने अंगठे पाहिले, एकेकाचं नाव विचारलं, आणि तिने एकेक बोटाने दाखवलं. त्याला शोध घ्यायचीही तोशीस पडली नाही. तो हसत होता. पिवळ्या दातांतून तंबाखू दिसत होती. मग त्याने मला भिंतीवरून ओढलं, गुंडाळलं आणि काखेत मारलं. त्याच्या काखेच्या वासाबद्दल मी बोलत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल.

चौथ्या दिवशी दलसिंगचे वरचे अधिकारी, रेंजरसाहेब, बंगल्यावर आले. नवापूरहून मिशनचा गोरा साहेबही बोलावून घेतला होता, मागोमाग योसेफ मास्तर, तोंड उतरलेलं. पडवीत खुर्च्या मांडल्या होत्या. समोर करंजाच्या झाडाखाली अख्खा पाडा बसला होता, खात्यालाही खाटेवर घालून आणलं होतं. मला पडवीच्या खांबाला टांगलं.

मागच्या वर्षी जंगलाच्या सत्याग्रहाने सगळीकडे धांदल उडाली होती. रेंजरांना त्याचंच भय. "गांधीटोपीवाला कोण आला होता इथे? कोणी शिकवलं हे?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर घाईघाईने म्हणाले, "साहेब, मी नवापूरला होतो. मी फक्त गोष्ट सांगितली. ही अडाणी माणसं, ह्यांना काय समजणार? मला यातलं काहीही ठाऊक नाही."

रेंजर माझ्याजवळ आले, वाकले. "अंगठे अडाण्यांचे, ठीक. हे नाव कोणी लिहिलं? सुसाना. ही कोण?"

 मास्तर पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभे. गर्दीतून सुसानाबाई उठल्या. "मी. यांची बायको." आणि त्या पुन्हा रूपीबाईशेजारी जाऊन बसल्या. त्यानंतर मास्तरांनी मान वर केली नाही.

आता गोऱ्या साहेबाची पाळी. माझ्या मनात एक वेडी आशा होती. हा तोच माणूस, जो या चित्रापुढे टोपी काढून उभा राहायचा. ती पट्टी पाहून त्याला कळणार नाही तर कोणाला? त्याने चष्मा लावला, अंगठे पाहिले, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"हा आमच्या देशाचा पवित्र इतिहास आहे," तो आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाला. "त्याला असं विद्रूप करणं मला फार दुःख देतं. ती कथा आदरासाठी आहे, अनुकरणासाठी नाही. मिशन सरकारशी एकनिष्ठ आहे, रेंजरसाहेब. आपण क्षमा करावी."

मित्रांनो, उंदरांचं मूत मी सोसलं, दलसिंगची थुंकी सोसली. पण त्या वाक्याने मला माझ्याच अंगावरच्या सहाही चित्रांचा तिटकारा आला, तो आजतागायत गेलेला नाही.

रेंजर चतुर होते. त्यांनी दौत-कागद पुढे ओढला. "हे पाहा, प्रकरण वाढवायचं नाही. तुम्ही म्हणा, अंगठे चुकून उमटले. मी लिहून घेतो आणि सगळे घरी जा."

रूपीबाई उठली. बिब्ब्याने तिचा अंगठा सुजून फोड फुटलेला होता. तो तिने त्यांच्यापुढे धरला.

"चुकीसन उमटस का असा? बिब्बा शे हाऊ. मुद्दाम दिधा शे. तुम्ही मन्हा नवराना पाय देखा, आन मंग सांगा, चूक कोन्ही शे."

रेंजरांनी खाटेकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पायाचा वास पडवीपर्यंत येत होता. त्यांनी दलसिंगला खालच्या आवाजात विचारलं, "वेठीचा लेखी हुकूम काही आहे?"

"रिवाज शे, साहेब. तुम्हना बंगलानं दूध बी..."

"पुरे!"

मी अगदी समोर होतो, म्हणून मला त्यांच्या तोंडावरचा हिशेब स्पष्ट दिसला. हे अंगठे वरच्या कचेरीत पाठवले तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर वेठ लिहावी लागेल, आणि वेठीचं दूध तर हे स्वतः दर मुक्कामाला पीत होते. त्यांनी कात्री मागवली. माझ्या चौथ्या चित्राखालची पट्टी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नीट कापून काढली. मग ती खानसाम्याच्या चुलीत टाकायला दिली. चुलीवर साहेब लोकांसाठी चहाचं पाणी ठेवलं होतं. पट्टी भुर्रकन पेटली, बिब्ब्याचा रस तडतडला, आणि त्या धुराने खानसामा खोकत बाहेर आला.

"झालं," रेंजर हात झटकत म्हणाले. "कागद नाही, गुन्हा नाही. कोणाला शिक्षाही नाही. उद्यापासून नेहमीसारखे कामावर या."

कोणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. माझ्यावरची त्यांची एकुलती एक सही गेली. मी तक्ता, मला कागदापलीकडे काय कळणार?

रूपीबाई पदर खोचत म्हणाली, "कागद जयना, साहेब. अंगठा मन्हापान शे."

"म्हणजे?"

"बोल काय तुम्हले दिधा व्हता का? आम्ही एकमेकले दिधा. धरतीनी आयकं. तो कसा जाळशात?"

आणि ती वळली. चौघांनी खात्याची खाट उचलली. एकामागून एक सगळे उठले आणि डोंगराच्या वाटेला लागले.  पडवीत साहेब लोकांचा चहा निवून गेला.

पुढचं मला मास्तरांच्या तोंडून कळलं, कारण साहेबाने मला परत बोर्डिंगात आणलं आणि मास्तर दर महिन्याला तिथे येऊन सांगत. दुसऱ्या दिवशी वेठीला कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दलसिंगने रूपीबाईचा बैल कोंडवाड्यात घातला. पाड्याने आपल्या बैलांनी तिचं वावर नांगरलं आणि मका पेरला. दलसिंगने तिघांना मारलं, जळणावर बंदी घातली, तरी कोणी गेलं नाही. खात्याचं पाऊल पावसाळ्यात कापावं लागलं. तो वाचला, पण पुढे बसूनच टोपल्या विणायचा. दिवाळीनंतर दलसिंगची बदली झाली. नवा नाकेदार आला तो स्वतः घागर घेऊन ओढ्यावर जाताना दिसला, असं मास्तर म्हणाले. हे सांगताना त्यांच्या आवाजात शरम होती की अभिमान, हे मला ओळखता आलं नाही. दोन्हींवर त्यांचा हक्क नव्हता. सुसानाबाई त्यांच्याशी त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत.

आणि माझं काय झालं? साहेबाने मला दुरुस्त केलं. कापलेल्या जागी त्याने मागून कापड लावलं, वरून गुळगुळीत पांढरा कागद डकवला, आणि सुंदर अक्षरांत लिहिलं: स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मग मला मोठ्या वर्गात टांगलं. आता १९४७ उजाडलं आहे. साहेब केव्हाच आपल्या देशी गेला. नवे गुरुजी मुलांना माझ्यापुढे बसवतात, सहाही चित्रं भराभर सांगतात, आणि ठिगळावरच्या सुंदर अक्षरांवर छडी ठेवून म्हणतात, बघा, किती जपून ठेवलाय हा तक्ता. मुलं माना डोलवतात. माझ्या अंगावर काटा येतो.

म्हणून मित्रांनो, मला झटका, पुसा, उन्हात वाळवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. वाळवी लागली तर लागू द्या. एकच काम करा. गुरुजी बाहेर गेले की चौथ्या चित्राखाली नख घाला आणि ते ठिगळ ओढून काढा. सरस जुना आहे, लगेच निघेल. मग जे भोक दिसेल ते बुजवू नका. तिथे एकोणीस घरांचे अंगठे होते, हे शेजारच्या मुलाला सांगा.